जिजीच्या स्टोव्हचा बर्नर

एका बर्नरसाठी आम्ही दोघी सासू-सुना घरच्या कर्त्या पुरुषाचं न ऐकता सुरतेला गेलो, ही गोष्ट आमच्या गावात पुढे बरीच वर्षं सांगितली जायची, आणि सांगणारे ती हसत सांगायचे. मला त्या हसण्याचं कधी काही वाटलं नाही. हसणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक दुसरंच कोणीतरी करत होतं.

मी लग्न होऊन तापीकाठच्या त्या गावात आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमचा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. आम्ही घराण्याने गुजर. सासरी कापूस, थोडी केळी, बैलजोड्या असं खाऊनपिऊन सुखी घर. माझ्या वडिलांनी मात्र शेती भावांवर सोडून नंदुरबारला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी धरली होती. रेल्वेचे एक मोठे साहेब बदलून जाताना घरातलं सामान विकत होते, त्यातून वडिलांनी पितळेचा एक पंपाचा स्टोव्ह घेतला आणि तो माझ्या लग्नात भांड्यांबरोबर दिला. जड होता, परदेशी बनावटीचा. टाकीवर उठवलेली अक्षरं माझ्या शाळेतल्या इंग्रजीने मला वाचता आली नाहीत.

सासरे, म्हणजे आबा, त्याच्याकडे बघून म्हणाले, "शोभेला ठीक शे." आणि तो माळ्यावर गेला.

माझ्या सासूला सगळं घर जिजी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. मी आले तेव्हा जिजीचा डावा डोळा जवळजवळ गेलेला होता. बुबुळावर दुधाळ साय आल्यासारखं दिसायचं. उजव्यातून सारखं पाणी. आमच्या घरातली चूल मधल्या घराच्या मागे, एका बिनखिडकीच्या खोलीत होती. जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि भडकन विझते, आणि विझताना जो धूर सोडते तो डोळ्यात सुईसारखा जातो. जिजी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून त्या खोलीत बसत आली होती. फुंकणीने फुंकताना ती उजवा डोळा गच्च मिटून घ्यायची, जणू तो वाचवून ठेवायचा आहे.

एका हिवाळ्यात उजवा डोळा सुजून बंद झाला तेव्हा आम्ही तिला नंदुरबारला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही पापण्या उचलून बघितल्या. म्हणाले, डावा आता सुधारणार नाही. उजवा वाचवायचा असेल तर धुरात बसणं बंद. औषध देतो, पण धूर राहिला तर औषधाचा उपयोग नाही.

घरी आल्यावर पदर खोचून जिजीने माळ्याला शिडी लावली आणि मला म्हणाली, "तुन्हा बापना तो स्टोव्ह खाले काढ."

तो स्टोव्ह मला पेटवता येत होता, कारण माहेरी शेजाऱ्यांकडे एक होता. बर्नरच्या गळ्याला स्पिरिटचा काकडा लावायचा, बर्नर चांगला तापू द्यायचा, मग चावी घट्ट करून पंप मारायचा. पहिल्या दिवशी तो पेटला आणि फुरफुरत निळी ज्योत उभी राहिली तेव्हा जिजी पाटावर बसून कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. स्वयंपाक करताना तिचा कोरडा डोळा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

जवळजवळ वर्षभर आमचं सुरळीत चाललं. वरण, भाजी, दूध, चहा सगळं स्टोव्हवर. भाकरीचं जमायला वेळ लागला. तव्यावर शेकायची आणि मग चिमट्यात धरून ज्योतीवर फुगवायची, तर तिला घासलेटचा वास यायचा. आबा रोज पहिल्या घासाला तो वास घ्यायचे आणि रोज सांगायचे. जिजी म्हणायची, तुमचं नाक फार मोठं. मला मात्र एकदा हळूच म्हणाली की भाकर चुलीचीच गोड लागते, पण हे त्यांना सांगू नको.

मग बर्नर फुटला.

उन्हाळा तोंडावर आला होता. मी पंप मारत होते आणि अचानक ज्योत वर जायच्या ऐवजी बाजूने आली, पिवळी, लांब. पदराचा काठ पेटला. मी तो मुठीत दाबून विझवला आणि जिजीने चावी सोडली. कोणाला इजा झाली नाही. बर्नर निवल्यावर बघितलं तर त्याच्या नळीला, जोडापाशी, केसाएवढी चीर गेलेली होती.

आबांनी जळका पदर बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना वाईट ठरवणार नाही. त्या काळात स्टोव्हच्या भडक्यात सुना भाजल्याच्या बातम्या आमच्यापर्यंत यायच्या. त्यांना भीती वाटली हे खरं होतं. पण भीती वाटली की ते हुकूम सोडत. म्हणाले, "आते बस झालं. वखारमा फेका ते, अन चूल पेटवा."

जिजी म्हणाली, "मन्हा एक डोया गया. दुसरा मी चुलाले देत नही."

"मग सून बसेल चुलीपुढे."

"सून बी बसाव नही."

मी दाराआड उभी होते. मला कोणी विचारलेलं नव्हतं, तरी मी पुढे झाले आणि म्हणाले, "बर्नर तेवढा गेलाय, आबा. बाकी स्टोव्ह नवा असल्यासारखा आहे. बर्नर आणला की झालं." सासऱ्यासमोर मी इतकं सलग पहिल्यांदाच बोलले. ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात निंबाखाली तीन दगड मांडून स्वयंपाक करू लागले. उघड्यावर धूर निघून जातो. कापूस वेचायला सातपुड्यातून जी माणसं आमच्या शेतावर येऊन राहत, ती असाच तीन दगडांवर स्वयंपाक करत. आबांना तेच लागलं. "घरची सून मजुरासारखी अंगणमा रांधी ऱ्हायनी," ते जिजीला म्हणाले. जिजीने विचारलं, त्या मजुरणींचे डोळे बघितलेत का कधी? माझ्यापेक्षा बरे आहेत.

माझे यजमान दोघांच्या मध्ये सापडले होते. आईचा डोळा त्यांना दिसत होता आणि बापासमोर त्यांचं तोंड उघडत नव्हतं. तरी त्यांनी एक केलं. बाजाराच्या दिवशी मला आणि फुटका बर्नर घेऊन ते नंदुरबारला आले.

लोखंडी सामानाच्या दुकानात स्टोव्हचे भाग मिळायचे: पंपाचे चामडी वॉशर, पिना, निपल, बर्नर. दुकानदाराने आमचा बर्नर हातात घेऊन उलटसुलट केला, तसाच दिसणारा एक नवा काढला आणि यजमानांना म्हणाला, "हा चालेल."

मी दोन्ही बर्नर हातात घेतले. बर्नरच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते टाकीच्या नळीत फिरवून बसवायचे. जुन्याचे आटे बारीक होते, नव्याचे जाड. मी एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांवर टेकवून उजेडाकडे धरले. दोन कंगवे एकमेकांत घातले तर दात बरोबर बसावेत, तसं बसायला हवं होतं. ते बसत नव्हते. मधून उजेड येत होता.

"हा बसणार नाही," मी म्हणाले.

दुकानदार यजमानांकडेच बघत म्हणाला, "बाईंना सांगा, आट्यांना सुताचा दोरा गुंडाळायचा, वरून साबण लावायचा आणि जोर देऊन फिरवायचं. बसतो. सगळे तसंच करतात."

"आणि मधून गॅस आला तर?"

"नाही येत."

यजमानांनी तो घेतला. घरी येऊन त्यांनी दोरा गुंडाळला, साबण लावला आणि पान्याने फिरवायला गेले. अर्ध्या वेढ्यातच मला पितळ कुरकुरल्याचा आवाज आला आणि मी त्यांचा हात धरला. टाकीचे आटे खराब झाले असते तर सगळंच संपलं असतं. पुढच्या खेपेला मी तो बर्नर परत न्यायला सांगितला. दुकानदाराने घेतला नाही. साबण लागलेला माल परत घेत नाही, म्हणाला. साबण लावायला त्यानेच सांगितलं होतं, पण तो आता यजमानांकडेही बघेना.

आबांना हे कळल्यावर ते जरा खुशीतच आले. त्या दिवशी जेवताना म्हणाले, मिळत नाही ना? परदेशी वस्तूचं हे असंच. कुंभाराकडून नवी चूल आणतो, मातीची, चांगली मोठी.

जिजीने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "आम्ही दोन्ही परवा सकायनी गाडीवर सुरतले जाई ऱ्हायनूत."

आबांचा घास हातातच राहिला. "बायका बर्नर आनाले सुरतले जातीन? लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले सांगा, डोया आनाले गयात."

त्यांनी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं, दोनदा म्हटलं, मुलाकडे बघून म्हटलं. पैसे देणार नाही असंही म्हटलं. नवा स्टोव्ह घ्यायला आमच्या हातात पैसा नव्हताच, पण तिकिटापुरता आणि एका बर्नरपुरता जिजीकडे दूध-तुपाचा साठवलेला होता. आबा बोलत राहिले आणि जिजी वाढत राहिली. मग आबा उठून त्यांच्या धाकट्या भावाच्या घरी गेले आणि पुढचे काही दिवस तिथेच जेवले.

यजमानांनी आम्हाला बैलगाडीने स्टेशनवर सोडलं. वडिलांसमोर त्यांनी तोंड उघडलं नाही, पण गाडी भर दिवसा, गावाच्या मधल्या रस्त्याने काढली. मागचा शेतातला रस्ता जवळचा असताना. मला ते फार आवडलं. पारावर बसलेल्या माणसांसमोरून आम्ही गेलो आणि जिजीने पदर एरवीपेक्षा जरा मागेच सरकवलेला होता.

जिजीने आगगाडी याआधी पाहिली होती, पण आतून नव्हे. नवापूरच्या पुढे डोंगर आणि साग लागला तेव्हा ती खिडकीला चिकटून बसली. एका डोळ्याने बघायचं म्हणून मान पूर्ण वळवून. पिशवीत आमचा फुटका बर्नर, तो साबण लागलेला नवा बर्नर, आणि भाकरी-चटणी. साबणवाला का घेतलास, मी विचारलं. म्हणाली, सुरतेच्या दुकानदाराला दाखवायचा, काय नको ते.

सुरतेत आम्ही भांड्यांच्या आणि स्टोव्हच्या बाजारात दुकानामागून दुकान फिरलो. इथे एक गोष्ट सोपी झाली. आमच्या घरात जी बोली चालते ती गुजरातीच्या वळणाची आहे, त्यामुळे जिजीला कोणी परकं समजेना. ती दुकानाच्या पायरीवर बसायची आणि फुटका बर्नर पुढे ठेवायची. मी आटे टेकवून उजेडाकडे धरायचे. काही दुकानदारांनी आमच्यापुढे पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. काहींनी हात हलवून वाटेला लावलं. एकाने मला विचारलं, हे आटे बघायचं तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, सुईत दोरा घालायला जितकं शिकावं लागतं तितकंच हे शिकावं लागतं.

शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने आमचा बर्नर चष्मा वर करून पाहिला. "ए माल तो बंध थई गयो, बा," तो जिजीला म्हणाला. बाहेरून येणारा माल आता येत नाही. इथले कारखाने आपले आटे पाडतात. तो म्हणाला, टाकी माझ्याकडे आणा, मी मोडीत घेतो आणि त्याच्या बदल्यात नव्या स्टोव्हवर थोडी सूट देतो.

"टाकी भंगार नथी," जिजी म्हणाली.

तो हसला. त्याने आम्हाला आट्यांखाली घालायचा शिशाचा एक वॉशर दिला, असू द्या म्हणाला, मिळाला कधी बर्नर तर लागेल. त्या बाजारात आम्हाला मिळालेला योग्य भाग तेवढाच.

रात्र आम्ही जिजीच्या एका दूरच्या नातलगांकडे काढली. तिथल्या बायकांनी विचारलं, सुरतेला काय काम काढलं? जिजीने सांगितलं, बर्नर. त्यांना वाटलं ती काही लपवते आहे.

परतीच्या गाडीत मला रडू येत होतं. सुरतेला मिळाला नाही म्हणजे कुठेच नाही. गावात काय ऐकावं लागेल ते मला पाठ होतं. जिजी म्हणाली, ऐकायचं. कानाने ऐकल्यावर डोळे जात नाहीत. आणि ती निंबाखाली कायमचं छप्पर घालायचं बोलू लागली. चारी बाजूंनी उघडं, पावसाळ्यात पलीकडून बांबूचा एक तट्ट्या. तिचं सगळं ठरलेलं होतं. बर्नर मिळाला नाही म्हणून ती त्या बिनखिडकीच्या खोलीत परत जाणार होती, असं कोणी समजू नये.

दुपारी गाडी खांडबाऱ्याला थांबली. फलाटाच्या टोकाला एक चहाचं खोपटं होतं. एक बाई स्टोव्हवर चहा उकळत होती, तो इथल्या बनावटीचा पत्र्याचा स्टोव्ह होता. जिजी खिडकीतून बघत होती. तिने माझा दंड धरला.

"तिन्हा पायजवळ देख."

खोपट्याच्या मेढीशी, बाईच्या पायाजवळ, पितळेचं काहीतरी काळवंडलेलं पडलं होतं. त्यावर पाण्याची घागर टेकवलेली. त्याचे तीन पाय आमच्या स्टोव्हसारखे खालून वळलेले होते. मी म्हटलं, जिजी, लांबून सगळे सारखेच दिसतात. तिकडे गार्डने शिट्टी दिली.

"उतर, पोरी," जिजी म्हणाली आणि पिशवी घेऊन स्वतः दाराकडे निघाली. गाडी हलता हलता आम्ही फलाटावर उतरलो. डब्यातली माणसं आम्हाला हाका मारत होती की बाई, स्टेशन चुकलं.

चहावाली साधारण जिजीच्याच वयाची होती. ती आदिवासी होती. घरी तिची बोली वेगळी, आमच्याशी मराठी-गुजराती मिसळून बोलली. आम्ही दोघी तिच्यासमोर येऊन तिचा चहा न मागता घागरीखाली बघत आहोत हे पाहून ती आधी दचकली. मी फुटका बर्नर काढून दाखवला. तिने घागर उतरवली.

तोच स्टोव्ह. तीच न वाचता येणारी अक्षरं. टाकीला खालून मोठा पोचा पडून ती फाटली होती. तिची आई रेल्वेच्या एका साहेबांच्या बंगल्यावर भांडी घासायची. साहेब गेले तेव्हा त्यांनी तो तिला दिला. चहाच्या धंद्याला तोच लावून चहावालीने सुरुवात केली. एकदा तो रुळांवर पडला आणि टाकी गेली. पितळ म्हणून टाकवला नाही.

"बर्नर कसा आहे?" मी विचारलं.

"टाकी गेली तेव्हा बर्नर जळत होता," ती म्हणाली.

तो निघत मात्र नव्हता. वर्षानुवर्षं पाण्याच्या घागरीखाली राहून आटे धरले होते. तिने जवळच रुळांचं काम करणाऱ्या माणसांकडून एक पाना मागून आणला. पान्याबरोबर त्यांच्यातला एक माणूसही आला. त्याने एकदा जोर लावला, म्हणाला, हा तुटेल पण निघणार नाही, बाई, तुमच्याने तर नाहीच. आणि पाना परत मागू लागला.

जिजीने पाना दिला नाही. "आम्हाला चहा द्या," ती चहावालीला म्हणाली, "आणि थोडं घासलेट." आम्ही आट्यांच्या कडेला घासलेट सोडलं आणि चहा पीत बसलो. पुन्हा सोडलं. चहावालीने पेटत्या स्टोव्हवर सांडशी तापवून ती नळीभोवती धरली. पितळ तापलं, निवलं, पुन्हा तापवलं. मग चहावालीने टाकी गुडघ्यांत आवळून धरली, मी पाना धरला, आणि माझ्या हातांवर जिजीने हात ठेवले. आम्ही तिघींनी दम लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. आतून कट् असा आवाज आला. मला वाटलं तुटलं.

बर्नर फिरला होता.

मी तो पदराने पुसला आणि आमच्या फुटक्या बर्नरशेजारी आट्याला आटा लावून उजेडाकडे धरला. दात दातांत बसले. मधून उजेडाचा कणही येत नव्हता.

"हाऊच शे," जिजी म्हणाली.

आता द्यायचं काय, हा प्रश्न आला. चहावाली म्हणाली, पैसे घेऊन मी काय करू, मलाच बर्नर लागतो. माझ्या या पत्र्याच्या स्टोव्हचा कधीचा भकभक करतो आहे, आणि नंदुरबारला जायला मला दुकान बंद ठेवावं लागेल. जिजीने पिशवीत हात घालून तो साबण लागलेला नवा बर्नर काढला. चहावालीने स्टोव्ह विझवला, निवू दिला, आणि नवा बर्नर फिरवून बघितला. दोरा नको, साबण नको. सरळ आट्यात गेला आणि बसला.

पान्याचा माणूस तिथेच उभा होता. चहावालीने नव्या ज्योतीवर चहा केला आणि त्यालाही दिला.

संध्याकाळच्या पॅसेंजरने आम्ही नंदुरबारला माझ्या माहेरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.ने गावी. आबा ओट्यावर होते. त्यांच्या शेजारी कुंभाराने आणून दिलेली नवी चूल होती, अजून ओलसर, खरोखरच चांगली मोठी. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"मिळाला का?"

"मिळाला," मी म्हणाले. "सुरतेला नाही. खांडबाऱ्याला."

हे त्यांना समजायला वेळ लागला. तोवर जिजी आत गेली होती. मी टाकी पुसून शिशाचा वॉशर घातला आणि बर्नर हातानेच फिरवला. जिथे थांबायला हवा तिथे तो थांबला. नंतर पान्याचा थोडासा जोर. घासलेट भरलं. काकडा पेटवला. पंप मारायला जिजीने मला सरकवलं आणि स्वतः बसली. आबा दारात येऊन उभे राहिले. ते आत येईनात आणि जाईनात. मला दिसत होतं, त्यांच्या हातात पाण्याची बादली होती.

ज्योत आधी पिवळी होऊन एकदा उसळली. आबा पुढे झाले. मग ती खाली बसली, निळी झाली आणि फुरफुरू लागली. जिजीने आणखी पंप मारला. कुठून गळत नव्हतं. मी साबणाचं पाणी जोडावर सोडून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही.

"बादली ठेवी द्या," जिजी आबांना न बघता म्हणाली. "चहाले पाणी जोयजे."

आबांनी बादली ठेवली. त्यांनी कधी कबूल केलं नाही की आम्ही केलं ते बरोबर होतं, आणि आम्ही कधी ते मागितलंही नाही. नवी चूल अंगणात निंबाखाली बसवली. ज्या दिवशी त्यांना चुलीची भाकर खावीशी वाटायची, त्या दिवशी जिजी म्हणायची, जळण तिथे आहे, काडेपेटी तिथे आहे. पेटवून द्या, मी बाहेर बसून थापते. ते पेटवायचे. त्यांना ते येऊ लागलं. भाकर उघड्यावर होत असल्याने धूर वर निघून जायचा आणि आम्ही सगळे तिथेच बसून गरम गरम खायचो. त्या भाकरीला खरंच चव होती. जिजीही ते आता उघड म्हणू लागली.

जिजीचा डावा डोळा सुधारला नाही. उजवा राहिला. तेवढ्या डोळ्याने तिने माझी मुलं बघितली, कपाशीचे भाव पडलेले आणि चढलेले बघितले, आणि सुईत दोरा मात्र शेवटपर्यंत मलाच घालायला लावला.

पुढच्या वर्षी आमच्या आळीत आणखी स्टोव्ह आले. बायका बाजारातून आणलेले बर्नर, वॉशर, निपल बसवण्याआधी आम्हाला दाखवायला यायच्या. आम्ही ओट्यावर बसून उजेडाकडे धरून सांगायचो: हा ठेव, हा परत दे. नंदुरबारच्या त्या दुकानदाराने एकदा निरोप पाठवला की तुमच्या गावच्या बायका फार त्रास देतात. आम्ही उलट निरोप पाठवला की माल बरोबर ठेवा.

मग एका सकाळी आबांचे धाकटे भाऊ ओट्यावर आले. त्यांच्या बायकोने स्टोव्हसाठी हट्ट धरला होता आणि धुराच्या खोलीत बसायला नकार दिला होता. ते आबांशी बोलायला आले होते, पण आबांनी काम आठवल्यासारखं करून बैल सोडायला घेतले. मग ते जिजीकडे वळले. म्हणाले, वहिनी, तुम्ही गावातल्या बायकांना बिघडवलं. आमच्या घरात असं कधी नव्हतं.

जिजी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि उजवा डोळा त्यांच्यावर रोखला.

"तुम्हनी घरवालीना अजून दोन्ही डोया शाबूत शेतस ना, भाऊ?" ती म्हणाली. "मंग त्या शाबूतच ऱ्हाऊ द्या."

मग त्यांनी आबांकडे बघितलं, आणि आबा बैलाच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "बाजारले जाशी तर आमनी सूनले संगे लई जाय. आटा देखता येतस तिले."